मोजायचं ते पेलेटमध्ये: इजा झालेल्या यकृतातलं केराटिन

यकृताला इजा झाल्यावर पेशींच्या सांगाड्यातलं केराटिन वाढतं का, हे पाहायला निघालेला नवा माणूस सहसा ओळखीचीच वाट धरतो. ऊतीचा तुकडा रिपा बफरमध्ये (डिटर्जंट असलेलं नेहमीचं द्रावण) दळायचा, सेंट्रिफ्यूज करायचा, वरचं स्वच्छ द्रावण नव्या ट्यूबमध्ये घ्यायचं, तळाला बसलेला पेलेट टाकून द्यायचा. ब्लॉटवर (जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) सगळ्या रांगांत फिकट, सारखेच बँड येतात आणि वहीत नोंद होते की फरक नाही. केराटिन तोवर कचऱ्याच्या डब्यात गेलेलं असतं. निरोगी हेपॅटोसाइटमध्ये, म्हणजे यकृताच्या मुख्य पेशीत, सौम्य डिटर्जंटात विरघळणारं केराटिन जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असतं. बाकीचं तंतूंच्या जाळ्यात गुंफलेलं असतं आणि ते जाळं रिपाला फारशी दाद देत नाही.

प्रौढ हेपॅटोसाइटमध्ये केराटिनच्या दोनच जाती असतात, के८ आणि के१८. पित्तनलिकांच्या पेशींत त्यांच्या जोडीला के७ आणि के१९ही असतात. के८ टाइप दोनचं, के१८ टाइप एकचं, आणि तंतू बनायला दोन्ही एकास एक लागतात. जोडीदार मिळाला नाही तर उरलेलं प्रथिन पेशी मोडून टाकते, मग त्याचा एमआरएनए (जीनची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) कितीही असो. के८चा जीन काढून टाकलेल्या उंदराच्या हेपॅटोसाइटमध्ये म्हणूनच के१८चं प्रथिनही जवळपास नाहीसं होतं. इजेत दोन्हींचं उत्पादन वाढतं. दीर्घ इजेत ही वाढ दुप्पट-तिप्पट होते, पण के८ जास्त वाढतं आणि तोल बिघडतो. जास्तीचं के८ नीट घडी पडत नसल्यामुळे युबिक्विटिन (मोडायच्या प्रथिनांवर लागणारी खूण) आणि पी६२ (ती खूण धरणारं प्रथिन) यांच्यासह गोळा होतं, ट्रान्सग्लुटामिनेज-२ हे एन्झाइम त्याचे रेणू एकमेकांना कायमचे जोडतं, आणि पेशीत मॅलरी-डेंक गोळे दिसू लागतात. विकृतिशास्त्रज्ञ फ्रँक मॅलरी यांनी मद्यपींच्या यकृतात हे १९११ मध्ये वर्णन केले. हेल्मुट डेंक यांचं नाव जोडून आजचं नामकरण २००७ मध्ये रुळलं. ज्या उंदरांत के१८ मुद्दाम जास्त बनवलं जातं त्यांना हे गोळे होत नाहीत, के८ जास्त बनवलं तर सहज होतात. म्हणून नुसतं ‘केराटिन वाढलं’ एवढं लिहून भागत नाही, दोघांचं गुणोत्तरही मोजावं लागतं.

मॉडेल, म्हणजे उंदरात इजा कशी घडवायची ते, प्रश्नावर ठरतं. गोळे हवे असतील तर ०.१ टक्का डीडीसी (यकृताला इजा करणारं रसायन) मिसळलेलं खाद्य १० ते १२ आठवडे. तीव्र, एकदाची इजा हवी असेल तर कार्बन टेट्राक्लोराइड, किलोमागे ०.५ ते १ मिलिलिटर, तेलात मिसळून पोटात टोचून. त्यात यकृतखंडिकेच्या मध्यशिरेभोवतीच्या पेशी मरतात आणि नासाडी २४ ते ४८ तासांत शिगेला पोचते. हे द्रव्य माणसाच्या यकृतालाही तितकंच घातक आहे, त्यामुळे सगळं काम फ्यूम हुडात करायचं. पॉलिस्टायरीनची भांडी ते विरघळवतं, म्हणून काचेची वापरायची. कुठलंही मॉडेल असो, प्राणी-नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी, आणि एका गटात आम्ही ५-६ उंदरांच्या खाली जात नाही. डीडीसीत तर एकाच पिंजऱ्यातल्या उंदरांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण प्रत्येक जण सारखं खात नाही. खाद्याचं आणि उंदराचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवलेलं असेल तर शेवटी विचित्र आकडा आल्यावर डोकं खाजवावं लागत नाही.

ऊती काढताना हात जलद हवा. मोजायची गोष्ट तणाव आहे आणि काढण्याची प्रक्रियाच नवा तणाव देते. रक्तपुरवठा थांबल्यावर काही मिनिटांत पेशीतली किनेज एन्झाइमं (प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारी) जागी होतात आणि केराटिनवरचे फॉस्फेट बदलू लागतात. भूल, छेद, रक्त, यकृत आणि द्रव नायट्रोजन हा प्रवास आम्ही तीन मिनिटांत बसवतो. सगळ्या उंदरांसाठी वेळ सारखाच ठेवतो, आणि नियंत्रण गट व इजेचा गट आलटून पालटून घेतो. आधी सगळे निरोगी आणि मग सगळे आजारी असं केलं तर दुपारपर्यंत सरावलेला हातही निकालात उतरतो. रक्त एएलटीसाठी (यकृताची इजा दाखवणारं रक्तातलं एन्झाइम) बाजूला ठेवायचं, कारण इजा झालीच नव्हती असा उंदीर गटात निघतोच.

नेहमी एकच खंड घ्यायचा. आमचा डावा. मधल्या खंडाला पित्ताशय चिकटलेलं असतं आणि त्याचं अस्तर के७, के८, के१८, के१९ यांनी गच्च भरलेलं असतं. तांदळाच्या कणाएवढा पित्ताशयाचा तुकडा सॅम्पलमध्ये गेला तर के१९चा बँड असा उजळतो की पित्तनलिका वाढल्याचा शोध लागल्यासारखं वाटावं. डाव्या खंडाचे २५ ते ५० मिलिग्रॅमचे तुकडे वेगवेगळ्या ट्यूबमध्ये गोठवायचे, एक मोठा तुकडा पुन्हा पुन्हा वितळवायचा नाही. एक तुकडा ओसीटीत (गोठवून काप घेण्यासाठीचं माध्यम), एक फॉर्मॅलिनमध्ये, एक आरएनएसाठी.

आता मुख्य काम. एकाच उंदराचे दोन तुकडे घेऊन आम्ही दोन गोष्टी करतो: एकूण लायसेट (सगळी ऊती विरघळवून केलेलं द्रावण) आणि विरघळणारा व न विरघळणारा अंश वेगळे काढणं.

एकूण लायसेटसाठी २५ मिलिग्रॅम तुकडा थेट २ टक्के एसडीएस (तीव्र डिटर्जंट) असलेल्या ट्रिस बफरमध्ये दळायचा आणि ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळायचा. डीएनए सुटून सगळं शेंबडासारखं चिकट होतं. सॉनिकेटर नसेल तर २७ गेजच्या सुईतून दहा-पंधरा वेळा वर-खाली केलं की पातळ होतं. इथे बर्फ वापरायचा नाही, गारठ्यात एसडीएस साखरेसारखं खाली बसतं. प्रथिन बीसीए या रंग-चाचणीने मोजायचं. ब्रॅडफर्ड या दुसऱ्या चाचणीला एवढं एसडीएस चालत नाही. डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल (प्रथिनांमधले सल्फरचे बंध तोडणारी द्रव्यं) बीसीएचा रंग बिघडवतात, म्हणून ते मोजणी झाल्यावरच घालायचे. या लायसेटमध्ये काहीच टाकून दिलेलं नसतं, त्यामुळे ‘एकूण किती’ याचं उत्तर इथूनच मिळतं.

अंश काढायला दुसरा २५ मिलिग्रॅम तुकडा घ्यायचा. १ मिलिलिटर थंड पीबीएस (फॉस्फेटचं खारं द्रावण), त्यात १ टक्का ट्रायटन एक्स-१०० (सौम्य डिटर्जंट), ५ मिलिमोलर ईडीटीए, प्रोटिएज आणि फॉस्फेटेज रोधक. काचेच्या डाउन्स होमोजनायझरमध्ये दळून ४ अंशांवर १६,००० जीला दहा मिनिटं फिरवायचं. वरचं द्रावण म्हणजे विरघळणारा अंश, तो जपून ठेवायचा. पेलेट १ मिलिलिटर जास्त मिठाच्या बफरमध्ये घ्यायचा: १० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.६, १४० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर ईडीटीए, ०.५ टक्का ट्रायटन. पुन्हा डाउन्समध्ये, या वेळी चांगले शंभर फटके. हात भरून येतो, पण पन्नासवर थांबलं की पेलेटमध्ये हिस्टोन आणि अॅक्टिन अडकून राहतात आणि जेलच्या खालच्या भागात जाड पट्टे दिसतात. ४ अंशांवर अर्धा तास हलवत ठेवायचं, २० मिनिटं फिरवायचं, वरचं टाकायचं. उरलेला पांढरा, किंचित रबरी पेलेट म्हणजे बहुतांश मध्यम तंतू (सांगाड्यातल्या तंतूंची एक जात): केराटिन, आणि यकृतातल्या इतर पेशींचं, त्याच जातीचं, थोडं व्हिमेंटिन, डेस्मिन.

पुढची पायरी लोक घाईत गाळतात. पेलेट ५ मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या पीबीएसने नीट धुवायचा, ट्यूबच्या भिंतीवरचा थेंबही काढायचा. आत १.५ मोलर पोटॅशियम उरलेलं असताना एसडीएसचं सॅम्पल बफर घातलं की पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा चोथा होतो. मग जेलमध्ये रांग वाकडीतिकडी धावते आणि माणूस अॅक्रिलामाइडला दोष देत बसतो. धुतलेला पेलेट ३०० मायक्रोलिटर सॅम्पल बफरमध्ये घ्यायचा, सुईने फोडायचा, ९५ अंशांवर पाच मिनिटं. ५ मायक्रोलिटर भरलं तर त्या रांगेत साधारण ०.४ मिलिग्रॅम मूळ ऊतीतलं केराटिन आलं. हे आकडेमोड वहीत आधीच लिहायचं, नंतर आठवत नाही.

जेल १० टक्के. के८ सुमारे ५३-५४ किलोडाल्टनला, के१८ ४५-४८च्या दरम्यान, के१९ चाळीसला. अर्काचा, म्हणजे या पेलेटचा, जेल कूमासीने (प्रथिनांना लागणारा निळा रंग) रंगवला तर के८ आणि के१८चे दोन ठळक पट्टे अँटिबॉडीशिवायच दिसतात. तेवढ्यावरून अर्क जमला की नाही ते कळतं. ब्लॉटसाठी स्टॅकिंग जेल (विहिरींखालचा वरचा, विरळ भाग) कापून टाकायचा नाही. डीडीसीच्या उंदरांत कायमचं जोडलेलं के८ वर, १०० किलोडाल्टनच्या पलीकडे लांबट डाग होऊन बसतं, काही तर विहिरीतच अडकतं. स्टॅकिंग कापला आणि फक्त ५४चा बँड मोजला, तर ज्या उंदरात सर्वात जास्त गोळे आहेत त्याचंच के८ कमी भरल्यासारखं दिसेल.

अँटिबॉडीबद्दल एक खाचखळगा सांगायलाच हवा. उंदराच्या ऊतीवर उंदीर-जन्य प्राथमिक अँटिबॉडी वापरली की दुय्यम अँटिबॉडी ऊतीतल्या रक्ताच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही धरते. त्याची जड साखळी ५० किलोडाल्टनची, म्हणजे बरोबर के८ आणि के१८च्या मध्ये. इजा झालेल्या यकृतात रक्तस्राव असतो, तिथे हा खोटा बँड आणखी जाड. म्हणून के८साठी आम्ही रॅटमध्ये (प्रयोगशाळेतला मोठा उंदीर) बनलेली ट्रोमा-१ अँटिबॉडी वापरतो, के१९साठी ट्रोमा-३, आणि दुय्यम अँटिबॉडी उंदराच्या सीरमवर शोषून घेतलेली. पॅन-केराटिन, म्हणजे अनेक केराटिनं एकदम ओळखणारं अँटिबॉडी मिश्रण इथे कामाचं नाही. आपल्या हातांच्या त्वचेचं के१ आणि के१० ते आनंदाने ओळखतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीला सॅम्पल द्यायचं असेल तर हे प्रकरण आणखी गंभीर होतं. त्वचेचं केराटिन धुळीत, केसांत, हातमोज्यांच्या बाहेरच्या बाजूवर, सगळीकडे असतं. यादीत वर के१, के२, के१० आले तर ते बहुधा आपलेच.

फॉस्फेटचं मोजमाप वेगळ्या कारणासाठी. ताणाची खूण म्हणून के८चं सेरिन ७३ (साखळीतल्या ७३व्या जागेवरचं सेरिन हे अमिनो आम्ल) सर्वात बोलकं आहे. पी३८ आणि जेएनके ही ताणाने जागी होणारी किनेज त्यावर फॉस्फेट बसवतात. उंदरात तीच जागा ७९ आहे. नव्या डेटाबेसात सुरुवातीचा मेथिओनिन धरून आकडे एकाने वाढलेले असतात, ७४ आणि ८०, त्यामुळे ‘आमच्या अँटिबॉडीची जागा चुकीची’ असा घोळ वारंवार होतो. फॉस्फेट चढलेलं केराटिन विरघळणाऱ्या अंशात जास्त सरकतं, म्हणून पहिल्या टप्प्याचं द्रावण जपायला सांगितलं. रोधक निवडताना लक्षात ठेवायचं की केराटिनवरचं फॉस्फेट बहुतांश सेरिनवर असतं. सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट टायरोसिनवाल्या फॉस्फेटेजना रोखतं, शिवाय ईडीटीए त्याला निकामी करतं. इथे सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि परवडेल तर ओकाडाइक आम्ल हवं. फॉस्फो आणि एकूण यांच्यासाठी एकच ब्लॉट धुवून परत वापरण्यापेक्षा आम्ही दोन जुळे जेल चालवतो. धुताना किती गेलं हे कुणालाच माहीत नसतं.

मग येतो सर्वात वादाचा प्रश्न: रांगांत कमी-जास्त भरलेलं सॅम्पल सावरायला केराटिनच्या आकड्याला भागायचं कशाने? सवयीने सगळे बीटा-अॅक्टिन लावतात. अॅक्टिन हेसुद्धा सांगाड्याचंच प्रथिन आहे. दीर्घ इजेत यकृतातल्या तारकापेशी (स्टेलेट पेशी) जाग्या होऊन स्नायूंसारखं अॅक्टिन भरभरून बनवतात, पित्तनलिकांच्या पेशी वाढतात, आणि एकूण अॅक्टिनही वाढतं. केराटिन दुप्पट झालं आणि अॅक्टिनही दुप्पट झालं तर भागाकार एक. मोजपट्टीच कापडाबरोबर ताणली जावी तसं. ट्युब्युलिनचीही हीच गत, आणि जीएपीडीएच चयापचयाबरोबर हलतं. एकूण लायसेटच्या ब्लॉटला आम्ही पाँसो एस (सगळ्याच प्रथिनांना लागणारा लाल रंग) लावतो, ५ टक्के अॅसिटिक आम्लात ०.१ टक्का, पाच मिनिटं, आणि पूर्ण रांगेच्या रंगाने भागतो. मिठाच्या अर्काला तर अॅक्टिन लावताच येत नाही, ते धुवूनच टाकलेलं असतं. तिथे मूळ ऊतीच्या वजनावर जावं लागतं. पण वजनही निष्पाप नाही. ताज्या इजेत यकृत पाणी आणि रक्ताने फुगतं, जुन्या इजेत कोलॅजेनने जड होतं. म्हणून पहिल्यांदा दळलेल्या मिश्रणातला २० मायक्रोलिटर भाग सेंट्रिफ्यूजच्या आधीच बाजूला काढून त्यातलं प्रथिन मोजून ठेवायचं आणि अर्काचे आकडे त्यावर बसवायचे.

एमआरएनएची बाजू तुलनेने सोपी, पण एक जुनी खोड आहे. के८ आणि के१८ यांच्या जीनच्या प्रक्रियित नकला, म्हणजे स्यूडोजीन, जीनोममध्ये पसरलेल्या आहेत, माणसात तर ढिगाने. या नकलांत इंट्रॉन (जीनमधले, एमआरएनए बनताना गाळले जाणारे भाग) नसतात. त्यामुळे ‘पीसीआरचे प्रायमर एक्सॉनच्या (एमआरएनएत उरणारे भाग) सांध्यावर आहेत, डीएनए पकडणार नाहीत’ हा नेहमीचा भरवसा इथे चालत नाही. डीएनेज लावायचंच, आणि प्रत्येक सॅम्पलची रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली ट्यूब चालवायची. त्या ट्यूबचा सीटी (पीसीआरमध्ये संकेत दिसू लागतो ते चक्र) खऱ्या सॅम्पलपेक्षा सात-आठ चक्रांनी तरी मागे हवा. संदर्भ जीन म्हणून अॅक्टिन इथेही नको. एचपीआरटी, टीबीपी, आरपीएलपी० यांतले किमान दोन आधी आपल्याच इजेच्या सॅम्पलवर तपासून घ्यायचे. एमआरएनए दुप्पट म्हणजे जेमतेम एका चक्राचा फरक, आणि पिपेटिंग ढिलं असेल तर तेवढा फरक हातातच असतो. केराटिन प्रथिन सावकाश मोडतं, त्यामुळे एमआरएनए आधी चढतो, आधीच उतरतो. एकाच दिवशीचे दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणजे प्रयोग फसला असं नाही.

इतकं सगळं केल्यावरही एक प्रश्न जेलने सुटत नाही: वाढलं ते कुठल्या पेशीत? डीडीसीत पित्तनलिकांसारख्या पेशी झपाट्याने वाढतात आणि त्या केराटिनने हेपॅटोसाइटपेक्षा कितीतरी अधिक भरलेल्या असतात. प्रत्येक हेपॅटोसाइटमधलं केराटिन होतं तेवढंच राहिलं तरी दळलेल्या ऊतीत के८ दुप्पट दिसू शकतं. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये उलटा गोंधळ. मेलेल्या भागातला संकेत जातो, काठावरच्या जिवंत पेशींत तो वाढलेला असू शकतो, आणि सरासरीत काहीच घडलं नाही असं दिसतं. के१९चा ब्लॉट जोडीला लावला तर थोडा अंदाज येतो. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

त्यासाठी गोठवलेले ५ ते ७ मायक्रॉनचे काप, उणे २० अंशांच्या अॅसिटोनमध्ये दहा मिनिटं. फॉर्मॅलिनने केराटिनच्या ओळखखुणा झाकल्या जातात. तेच काप वापरायचे असतील तर सायट्रेट पीएच ६ मध्ये ९५ अंशांवर वीस मिनिटं उकळून त्या उघडाव्या लागतात, आणि तरी काही अँटिबॉडी रुसूनच बसतात. के८ सोबत पी६२ लावायचं. निरोगी हेपॅटोसाइटमध्ये केराटिन पेशीच्या कडेला दाट आणि आत बारीक जाळीसारखं दिसतं. इजेत पेशी फुगतात, जाळी जाड होते. गोळे असलेल्या पेशीत गंमत अशी की गोळ्याबाहेरची जाळी बऱ्याचदा विरळ किंवा रिकामी असते. डीडीसीवाल्या ऊतीत पोर्फिरिन हे रंगद्रव्य साठतं, तपकिरी ठिपके दिसतात आणि जांभळ्या प्रकाशात ते स्वतःच लाल चमकतात. लाल चॅनेलमध्ये पी६२ ठेवलं आणि सगळीकडे गोळेच गोळे दिसले, तर आधी अँटिबॉडी न लावलेला काप पाहायचा. आम्ही लाल चॅनेल मोकळा सोडतो, हिरवा आणि दूर-लाल वापरतो. चित्रं घेताना एक्स्पोजर निरोगी कापावर नाही, सर्वात उजळ इजेच्या कापावर ठरवायचं. नाहीतर संपृक्त झालेल्या पिक्सेलमध्ये वाढ मोजताच येत नाही.

हीच पद्धत थोड्या फरकाने इतर अवयवांत चालते. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटून परत सुरू झाला की समीप नलिकेच्या पेशींत, एरवी तिथे नसणारं व्हिमेंटिन उगवतं. मेंदूला मार बसला की तिथल्या तारापेशींत (अॅस्ट्रोसाइट) जीएफएपी हे त्यांचं मध्यम तंतूंचं प्रथिन वाढतं, पण कॅल्पेन हे एन्झाइम त्याला कापतं आणि ५०च्या बँडखाली ३८च्या आसपास तुकडे दिसतात. तिथे फक्त मुख्य बँड मोजला की यकृतातल्या स्टॅकिंग जेलसारखीच चूक होते, फक्त उलट्या दिशेने. त्वचेच्या जखमेच्या काठावर के६, के१६, के१७ काही तासांत चढतात.

शेवटचा मुद्दा बऱ्या झालेल्या उंदरांचा. डीडीसी थांबवून महिनाभर साधं खाद्य दिलं की एमआरएनए खाली येतो, गोळे बहुतेक विरून जातात, एएलटी सुधारतो. तरी काही पेशींत केराटिनचे बारीक ठिपके पेशीच्या कडेला राहतात, आणि त्याच उंदराला पुन्हा डीडीसी दिलं तर गोळे यायला दहा आठवडे लागत नाहीत, काही दिवस पुरतात. त्यामुळे बरा झालेला उंदीर नियंत्रण गटात बसवायचा नाही. त्याच्या वयाचा, त्याच खोलीत वाढलेला, डीडीसी कधीच न खाल्लेला उंदीर पहिल्या दिवसापासून वेगळा राखून ठेवावा लागतो.